जाहिरातीतली मिंटी

ऑक्टोबर १८४९मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, केंब्रिज गावच्या वर्तमानपत्रात एक जाहिरात छापून आली. तीन गुलाम पळाले आहेत, पकडून देणाऱ्याला इनाम मिळेल. हॅरी, वय सुमारे १९, कानाखाली मानेवर गाठ. बेन, वय सुमारे २५, चांगला उंच, विचारलं की चटकन बोलणारा. आणि मिंटी, वय सुमारे २७, उंची पाच फुटांच्या आसपास, दिसायला चांगली. राज्याबाहेर सापडले तर माणशी शंभर डॉलर, राज्यातच सापडले तर माणशी पन्नास. खाली मालकिणीचं नाव होतं, इलायझा ॲन ब्रोडेस.

पुढची दीडशे वर्षं ही जाहिरात कुणाच्या नजरेला पडली नाही. २००३ साली त्याच भागात फेकून द्यायला काढलेल्या जुन्या कागदांत ती सापडली. मिंटी म्हणजे अरामिंटा रॉस. पुढे तिने आईचं नाव घेतलं, नवऱ्याचं आडनाव लावलं आणि जग तिला हॅरिएट टबमन म्हणून ओळखू लागलं. हॅरी आणि बेन तिचे भाऊ. त्या खेपेला भावांचा धीर सुटला आणि तिघंही माघारी आली. थोड्याच दिवसांत मिंटी एकटी निघाली, चालत चालत पेनसिल्व्हेनियात पोचली आणि पुढची दहा वर्षं पुन्हा पुन्हा त्याच मेरीलँडमध्ये शिरून आपली माणसं बाहेर काढत राहिली.

हॅरिएट टबमन यांच्यावर शाळकरी पुस्तकं निघाली, चित्रपट निघाले, गावोगाव पुतळे उभे राहिले. पण सत्तावीस वर्षांची मिंटी दिसायला कशी होती, हे तिच्या काळातल्या कागदावर शोधू गेलं तर तिला माल समजणाऱ्या बाईने दिलेलं वर्णनच हाती लागतं. अमेरिकेत ‘अंडरग्राउंड रेलरोड’चा स्थानिक इतिहास शोधणाऱ्या प्रत्येकाची ही अडचण आहे. पळणाऱ्याला मागे खूण ठेवून चालणार नव्हतं. लिहून ठेवलं ते पकडणाऱ्यांनी. त्या लिखाणातून पळणाऱ्याची बाजू कशी काढायची, याची ही हकिकत.

रूळ नसलेली रेल्वे

१८६०च्या जनगणनेत अमेरिकेत ३९ लाख ५३ हजारांहून अधिक माणसं गुलाम म्हणून मोजली गेली. कापूस, तंबाखू, ऊस, घरकाम, बंदरावरची हमाली, सगळं त्यांच्या अंगावर. त्यांतली काही माणसं दरवर्षी उत्तरेकडे पळत, कॅनडा गाठत. टेक्सासकडची दक्षिणेला मेक्सिकोत शिरत. वाटेत त्यांना कुणी भाकरी दिली, कुणी गवताच्या गंजीत झोपू दिलं, कुणी रात्री नदीपार केलं. या मदतीच्या साखळीला अंडरग्राउंड रेलरोड हे नाव पडलं. आगगाडी तेव्हा नवी होती, तिची भाषा लोकांच्या तोंडी बसली होती. म्हणून आसरा देणारं घर ते स्टेशन, घरमालक स्टेशनमास्तर, वाट दाखवणारा कंडक्टर आणि पळणारे ते प्रवासी.

या साखळीला मुख्य कचेरी नव्हती, सभासदांची यादी नव्हती. फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टन अशा शहरांत दक्षता समित्या होत्या. बाकी सगळं ओळखीपाळखीवर चाले. क्वेकर पंथाची कुटुंबं, काही पाद्री आणि फार मोठ्या संख्येने स्वतंत्र काळे लोक : बोटींवरचे खलाशी, न्हावी, धोबिणी, गोदीतले हमाल, काळ्यांच्या चर्चमधली मंडळी.

१८५०मध्ये अमेरिकी संसदेने फरारी गुलामांचा कायदा कडक केला. पळालेल्याला थारा देणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. निकाल देणाऱ्या आयुक्ताला, माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर मिळत आणि मोकळा सोडला तर पाच. अन्यायाचा दर सरकारनेच ठरवून दिला होता. अशा काळात नावनिशीवार वही ठेवणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं. ओहायो नदीकाठच्या रिप्ली गावात जॉन पार्कर नावाचे गृहस्थ होते. ते स्वतः गुलामीत जन्मले होते. १८४५मध्ये अठराशे डॉलर भरून त्यांनी स्वतःला सोडवून घेतलं आणि पुढे लोखंडाचा कारखाना काढला. रात्री होडी घेऊन ते पलीकडच्या केंटकीत उतरत आणि माणसं आणत. त्यांनीही आणलेल्या माणसांची नोंद ठेवली होती, पण जप्तीच्या भीतीने ती आपल्याच कारखान्याच्या भट्टीत टाकली. आज पार्कर यांच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते १८८०च्या दशकात एका पत्रकाराने घेतलेल्या त्यांच्या मुलाखतीमुळे. ते हस्तलिखित ड्यूक विद्यापीठात पडून होतं. पुस्तक होऊन लोकांपुढे यायला १९९६ साल उजाडलं.

भुयारांचा मोह

ओहायो राज्य विद्यापीठातले प्राध्यापक विल्बर सीबर्ट यांनी १८९०च्या दशकात या विषयाला पहिल्यांदा पद्धतशीर हात घातला. गावोगावच्या वृद्धांना त्यांनी प्रश्नावल्या पाठवल्या : तुमच्या भागातून वाट कुठून जात होती, मदत कोण करी, काय आठवतं? आलेल्या उत्तरांतून १८९८मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. नकाशे, वाटा आणि तीन हजारांवर मदतनीसांची नावं त्यात आहेत. सीबर्ट यांचे कागद आजही कोलंबस शहरात जपलेले आहेत आणि ते नसते तर कितीतरी गोष्टी कायमच्या गेल्या असत्या. पण प्रश्नावल्यांना उत्तरं दिली ती मुख्यतः गोऱ्या गुलामीविरोधकांनी, त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी. त्यामुळे यादीत घरमालकांची गर्दी झाली आणि पळणारा माणूस मात्र बहुतेक वेळा निनावी राहिला, या घरातून त्या घरात पोचवलेल्या पार्सलासारखा.

१९६१मध्ये लॅरी गारा या इतिहासकाराने ‘द लिबर्टी लाइन’ हे पुस्तक लिहून या चित्रालाच हात घातला. त्यांचं म्हणणं असं की, पळून जाण्याचा निर्णय, पहिला आणि सर्वांत धोक्याचा टप्पा, गुलामीच्या मुलखातली रात्रीची वाट हे सारं पळणाऱ्याने बहुधा एकट्याच्या किंवा आपल्याच माणसांच्या बळावर पार पाडलं होतं. संघटित मदत भेटली ती पुढे, उत्तरेच्या जवळ आल्यावर. दंतकथेने मात्र सगळं श्रेय त्या मदतीला देऊन टाकलं होतं.

दंतकथा केवळ माणसांच्या नव्हत्या, घरांच्याही होत्या. अमेरिकेच्या उत्तर भागातल्या शेकडो गावांत एखादं जुनं घर दाखवून सांगतात की, याच्या तळघरातून नदीपर्यंत भुयार होतं, त्यातून गुलाम पळत. आपल्याकडे किल्ल्यावरून थेट खालच्या देवळात उघडणारं भुयार गावागावांत सांगतात, तसंच हे. तपासायला गेलं की भुयार म्हणून दाखवलेली जागा पाण्याची टाकी, सांडपाण्याची मोरी किंवा कोळसा उतरवायची खिडकी निघते. कधी घराचं खरेदीखत काढून पाहावं तर घरच मुळी गुलामी संपल्यानंतर बांधलेलं असतं. गोधड्यांची गोष्टही अशीच. अंगणात वाळत घातलेल्या गोधड्यांच्या नक्षीत पळणाऱ्यांसाठी गुप्त खुणा असत, असं सांगणारं एक पुस्तक १९९९मध्ये आलं. ते शाळांमध्ये पोचलं, लोकांच्या मनात बसलं. इतिहासकारांनी त्या काळातल्या आठवणी, मुलाखती, पत्रं चाळली. अशा खुणांचा दाखला त्यांत मिळाला नाही.

व्हर्माँट राज्यातल्या फेरिसबर्ग इथलं रॉबिन्सन कुटुंबाचं ‘रोकबी’ हे घर या बाबतीत फार शिकवून जातं. हे क्वेकर कुटुंब कट्टर गुलामीविरोधी होतं, आणि तिथेही गुप्त खोलीची कथा होती. घराण्याची हजारो पत्रं मात्र निराळंच सांगतात. १८३७च्या पत्रांत सायमन आणि जेसी या दोन पळून आलेल्या माणसांचा उल्लेख आहे. व्हर्माँट इतकं उत्तरेला होतं की गुलाम पकडणारे तिथवर सहसा येत नसत. हे दोघं लपून बसलेले नाहीत. काम शोधताहेत, शेतावर राबताहेत. जेसीच्या वतीने रॉबिन्सन यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या त्याच्या मालकाला चक्क पत्र पाठवलं आणि त्याच्या मुक्ततेची किंमत विचारली. मालकाचं उत्तर आलं, घासाघीस झाली. गुप्त खोलीच्या कथेपेक्षा हा पत्रव्यवहार मला कितीतरी मोलाचा वाटतो. खोलीत लपलेला माणूस फक्त भेदरलेला असतो. पत्रांतला जेसी पैसे साठवतो, आपलं स्वातंत्र्य कागदावर पक्कं व्हावं म्हणून धडपडतो, पुढच्या आयुष्याचा विचार करतो.

मालकांच्या कागदांत

मग शोधायचं कुठे? उत्तर अंगावर काटा आणणारं आहे : मालकांच्या कागदांत. मृत्युपत्रं, वाटणीच्या याद्या, कर्जाचे दावे, विक्रीच्या पावत्या, फरारीच्या जाहिराती. अशा जाहिराती एकत्र करण्याचं काम कॉर्नेल विद्यापीठातून चाललं आहे आणि हजारो जाहिराती आता कुणालाही शोधता येतात. मालकाला माणूस परत हवा असे, म्हणून तो खरं वर्णन देई : अंगावरचे कपडे, पाठीवरचे वळ, तोतरेपणा, हाताला असलेली कला, बायको कोणत्या मळ्यावर आहे आणि म्हणून हा कुठे गेला असेल. पकडण्यासाठी लिहिलेल्या त्या चार ओळी आज त्या माणसाचं एकमेव शब्दचित्र होऊन बसल्या आहेत.

जनगणनेचे कागद त्याहून कोरडे. १८५० आणि १८६०मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. मालकाचं नाव, त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामांच्या नावांची नोंदच नाही. ‘राज्यातून पळालेले’ असा एक रकाना मात्र आहे. १८५०मध्ये साऱ्या देशाची त्या रकान्याची बेरीज १,०११ निघाली. खरा आकडा याहून बराच मोठा असणार, असं इतिहासकार मानतात.

रॉस कुटुंबाचा इतिहास असाच तुकड्यातुकड्यांनी जोडला गेला. केंब्रिज गाव ज्यात येतं त्या डॉर्चेस्टर परगण्याची कचेरी १८५२मध्ये जळाली आणि बरेच कागद राख झाले. जे उरलं त्यातून इतिहासकार केट क्लिफर्ड लार्सन यांनी २००४मध्ये हॅरिएट टबमन यांचं चरित्र उभं केलं. हॅरिएट यांच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. एका मालकाच्या हिशेबात मार्च १८२२मध्ये आई रिटसाठी दाईला पैसे दिल्याची नोंद सापडली, त्यावरून जन्मसाल ठरवता आलं. कुणाचा तरी खर्च लिहिला गेला म्हणून कुणाचा तरी जन्म कळला.

या कुटुंबाच्या कागदांचा पहिला शोध घेतला तो मात्र खुद्द हॅरिएट यांनी. गुलाम असतानाच, स्वतःच्या कष्टाच्या कमाईतले पाच डॉलर देऊन त्यांनी एका वकिलाकरवी आपल्या आईच्या पहिल्या मालकाचं मृत्युपत्र शोधवलं. वकील काही वर्षं मागे जाऊन थांबला, तेव्हा आणखी मागे जा म्हणून त्यांनीच सांगितलं. १७९७च्या आसपासचं ते मृत्युपत्र मिळालं. ॲथो पॅटिसन यांनी रिटला आपल्या नातीकडे दिलं होतं, पण पंचेचाळीस वर्षांच्या वयापर्यंतच. म्हणजे आई कधीच मोकळी व्हायला हवी होती आणि तिची मुलंही त्या त्या वयाला. मालकांनी हे दडपलं होतं, शिवाय हॅरिएट यांच्या तीन बहिणींना दूर दक्षिणेत विकूनही टाकलं होतं. जिला अक्षरओळख होऊ दिली नव्हती, त्या बाईने दप्तरातून आपला हक्क शोधून काढला. या विषयातल्या संशोधकांची परंपरा सांगायची झाली तर ती इथून सुरू होते.

१८५४चा नाताळ

कागदाला कागद भिडला की काय दिसतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण या कुटुंबातच आहे. १८४९च्या जाहिरातीतले बेन आणि हॅरी, म्हणजे हेन्री, माघारी आले होते. पाच वर्षांनी त्यांना आणि भाऊ रॉबर्टला १८५४च्या नाताळानंतर लगेच विकायचं ठरलं. ही बातमी हॅरिएट यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी जेकब जॅक्सन नावाच्या स्वतंत्र काळ्या शेजाऱ्याला पत्र लिहवून पाठवलं. जॅक्सन लिहिणावाचणारे होते. काळ्या माणसाला आलेलं पत्र म्हणून टपाल पाहणाऱ्यांनी ते आधी फोडलं. पत्रात भावांना निरोप होता, जहाज येईल तेव्हा चढायला तयार राहा. वाचणाऱ्यांना अर्थ लागेना. जॅक्सन यांनी पत्र वाचलं, आपल्याला यातलं काहीच कळत नाही, हे आपल्यासाठी नसावं, असं म्हणून परत केलं आणि बाहेर पडून निरोप पोचवला.

नाताळच्या आदल्या रात्री निघायचं ठरलं होतं. रॉबर्टच्या बायकोला त्याच वेळी प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या. तिला तशा अवस्थेत सोडून त्याला निघावं लागलं, नाहीतर दोन दिवसांनी तो कायमचा विकला गेला असता. सगळे आईवडिलांच्या झोपडीजवळ धान्याच्या कोठारात दडले. आईला सांगितलं असतं तर तिने हंबरडा फोडला असता, म्हणून तिला कळवलंच नाही. वडील बेन रॉस यांनी मुलांकडे न पाहता त्यांना जेवण नेऊन दिलं आणि डोळ्यांना रुमाल बांधून काही अंतर सोबत चालले. पुढे विचारपूस झाली तेव्हा त्यांना खरं बोलता आलं : मी माझ्या मुलांना पाहिलेलं नाही.

इथवरची हकिकत सेरा ब्रॅडफर्ड यांनी हॅरिएट यांच्याकडून ऐकून लिहिली. तपासायला तिच्या जोडीला दोन कागद आहेत. डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनहून टॉमस गॅरेट या क्वेकर व्यापाऱ्याने त्याच आठवड्यात पत्र लिहिलं : हॅरिएट टबमन यांना सहा पुरुष आणि एका बाईसह पुढे पाठवलं आहे, त्यांचे आणि एका माणसाचे जोडे चालून चालून झिजून गेले होते, त्यासाठी दोन डॉलर दिले. आणि २९ डिसेंबर १८५४ या तारखेखाली फिलाडेल्फियाच्या समितीच्या कागदांत या मंडळींच्या येण्याची नोंद आहे. त्यात बेन आहे, हेन्री आहे, रॉबर्ट आहे. बकटाउनची मालकीण इलायझा ब्रोडेसही आहे, आडनाव थोडं चुकीचं लिहिलेलं. जाहिरातीतली वयं आणि इथली वयं दोनतीन वर्षांनी जुळत नाहीत, कारण गुलामाचं वय कुणी धड लिहीतच नसे. पण माणसं तीच. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या डोक्यावर इनाम लावलं होतं, त्यांनी आता स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगितली होती आणि पुढे कॅनडाला जाताना रॉस टाकून स्टुअर्ट हे आडनाव घेतलं होतं.

विल्यम स्टिल यांची वही

ती नोंद करणारे विल्यम स्टिल होते. फिलाडेल्फियाच्या गुलामीविरोधी संस्थेत कारकून. जन्म १८२१चा, न्यू जर्सीतला, अठरा भावंडांत धाकटे. त्यांची आई मेरीलँडमधून पळून आली होती आणि पळताना दोन मुलगे मागे ठेवावे लागले होते. ऑगस्ट १८५०मध्ये कचेरीत एक मध्यमवयीन माणूस आला. चाळीस वर्षं गुलामीत काढलेला, आता आईवडिलांना शोधणारा. त्याच्याजवळ फक्त त्यांची नावं होती. स्टिल प्रश्न विचारत गेले आणि त्यांच्या ध्यानात आलं की, ही आपल्याच आईवडिलांची नावं आहेत. समोर बसलेला पीटर त्यांचा सख्खा भाऊ होता.

त्यानंतर स्टिल यांच्या नोंदींना निराळंच वजन आलं. आलेल्या प्रत्येकाला ते विचारत : जुनं नाव काय, नवं काय घेतलंस, मालक कोण, तो कसा वागे, मागे कोण राहिलं, का निघालास? उद्या कुणाची आई, कुणाचा नवरा शोधत आला तर सांगता यावं, यासाठी. अशा सुमारे आठशे जणांना त्यांनी मदत केली. धोका वाढला तेव्हा कागद फिलाडेल्फियातल्या लेबनॉन कब्रस्तानाच्या इमारतीत दडवले. अमेरिकेत यादवी युद्ध झालं, गुलामी कायद्याने संपली आणि १८७२मध्ये हे सारं त्यांनी ग्रंथरूपाने छापलं. त्यांची मूळ वही आजही फिलाडेल्फियात पाहायला मिळते. न्यूयॉर्कमध्ये सिडनी हॉवर्ड गे या संपादकाने १८५५-५६मध्ये अशाच दोनशेहून अधिक माणसांची नोंद केली होती. ती कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या कागदांत दुर्लक्षित पडली होती. इतिहासकार एरिक फोनर यांनी २०१५च्या पुस्तकात ती वापरली. स्टिल यांच्याकडे नोंदलेली माणसं काही दिवसांनी गे यांच्या वहीत भेटतात, आणि प्रवास पानावरून पानावर चालताना दिसतो.

शाळेच्या अंगणात

कागद नसले तर जमीन बोलते. १९८५ साली टोरांटोत एका शाळेच्या आवारात उत्खनन झालं. तिथे पूर्वी थॉर्न्टन ब्लॅकबर्न नावाच्या काळ्या घोडागाडीवाल्याचं घर होतं. उत्खननाच्या कामात शाळकरी मुलांनी आणि शहरातल्या लोकांनी हात लावला. जोत्याचे दगड, भांड्यांचे तुकडे, तळघर असं निघत गेलं. मग प्रश्न आला, हा ब्लॅकबर्न कोण? ब्लॅकबर्न नवराबायकोंना मूल नव्हतं, त्यांनी एकही पत्र मागे ठेवलेलं नव्हतं. पुरातत्त्वज्ञ कॅरोलिन स्मार्ड्झ फ्रॉस्ट यांनी वीसेक वर्षं या जोडप्याचा माग काढला. केंटकीतल्या लुइसव्हिलमधून १८३१मध्ये थॉर्न्टन आणि लूसी आगबोटीने उघडपणे, स्वतंत्र असल्याचं भासवून पळाले होते. दोन वर्षांनी डेट्रॉइटमध्ये पकडले गेले. लूसीला भेटायला आलेल्या बाईने तिच्याशी कपडे बदलले आणि लूसी तुरुंगातून चालत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी काळ्या लोकांच्या जमावाने थॉर्न्टनला सोडवलं. दोघं कॅनडात गेली आणि कॅनडाने त्यांना परत द्यायला नकार दिला. पुढे टोरांटोत त्यांनी शहरातली पहिली भाड्याची घोडागाडी चालवली, पैसा केला आणि नव्याने येणाऱ्यांना हात दिला. या शोधावर फ्रॉस्ट यांनी लिहिलेलं पुस्तक २००७मध्ये आलं आणि त्याला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला.

मेरीलँडमध्येही अलीकडे जमीन बोलली. हॅरिएट यांचे वडील बेन रॉस लाकूडतोडीच्या कामावर मुकादम होते. मालकाच्या मृत्युपत्रानुसार ते १८४०मध्ये मोकळे झाले आणि राहण्यापुरती दहा एकर जमीन त्यांना मिळाली. ती नेमकी कुठे? आज तो भाग ब्लॅकवॉटर अभयारण्याच्या दलदलीत येतो. राज्याच्या पुरातत्त्वज्ञ जुली शॅब्लित्स्की यांच्या पथकाने जुने दस्त आणि नकाशे जुळवत चाचणीचे खड्डे घेतले. जुन्या रस्त्यालगत १८०८ सालचं एक नाणं लागलं. मग विटा, खिळे आणि त्या काळातल्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे. एप्रिल २०२१मध्ये जाहीर झालं की, बेन रॉस यांच्या झोपडीची जागा सापडली. याच जंगलात किशोरवयात हॅरिएट वडिलांबरोबर राबल्या. तारे, पाणी, झाडं वाचायला शिकल्या. लाकूड नेणाऱ्या काळ्या खलाशांकडून उत्तरेच्या वाटा ऐकल्या. समुद्राची पातळी वाढते आहे आणि ब्लॅकवॉटरची हजारो एकर दलदल पाण्याखाली गेली आहे. इथल्या संशोधकांना घाई करावीच लागणार आहे.

तीनशे की सत्तर?

ब्रॅडफर्ड यांच्या १८६९च्या पुस्तकात हॅरिएट यांनी एकोणीस खेपा करून तीनशे माणसं आणल्याचं लिहिलं आहे. पुतळ्यांखाली, पाठ्यपुस्तकांत तोच आकडा चढला. लार्सन यांनी एकेक खेप, एकेक नाव तपासलं. सुमारे तेरा खेपा, सुमारे सत्तर माणसं. शिवाय वाट समजावून दिलेली आणखी काही जण. खुद्द हॅरिएट यांनीही १८५८-५९च्या सुमारास सभांमध्ये आठनऊ खेपा आणि पन्नाससाठ माणसं असंच सांगितलं होतं.

आकडा कमी केल्याने त्यांचं कर्तृत्व कमी झालं, असं कुणाला वाटलं तर मी ते मानायला तयार नाही. तीनशे हा गोल आकडा आहे. सत्तरांतल्या बहुतेकांची नावं आहेत, नाती आहेत, पुढचे पत्ते आहेत. डोक्यावर इनाम असताना, गाव ओळखत असताना, त्याच परगण्यात तेरा वेळा परत जाणं हे माणसाच्या ताकदीच्या टोकाचं काम आहे. त्याला फुगवट्याची गरज नाही.

१९९८मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून अंडरग्राउंड रेलरोडशी संबंधित जागांची राष्ट्रीय जोडणी सुरू केली. आज तीत सातशेहून अधिक जागा, संग्रह आणि उपक्रम आहेत. नाव घालायचं तर पुरावा द्यावा लागतो. त्यामुळे लहान गावांतले निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, चर्चची मंडळी कामाला लागली. घराचं खरेदीखत, चर्चच्या सभांची टिपणं, गुलामीविरोधी वर्तमानपत्राच्या वर्गणीदारांच्या याद्या, १८५०च्या जनगणनेत जन्मस्थान व्हर्जिनिया लिहिलेलं काळं कुटुंब आणि तेच कुटुंब १८६१च्या कॅनडाच्या जनगणनेत. घरातली आठवणही ऐकायची, पण तिच्या शेजारी कागद ठेवून. कितीदा असं होतं की, गोऱ्या घरमालकाची कथा पुसट होत जाते आणि गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काळ्या न्हाव्याचं किंवा धोबिणीचं नाव पुढे येतं. तेच त्या गावचं खरं स्टेशन असतं.

अर्पणपत्रिकेतले सज्जन

स्टिल यांचा ग्रंथ फिलाडेल्फियात निघाला १८७२मध्ये. पुढच्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी निःस्वार्थपणे झीज सोसली त्यांना. आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवून शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावं, अशी इच्छाही त्यांनी तिथेच लिहिली. पुण्यात बसून इतक्या दूरच्या लढ्याशी आपलं नातं सांगणारा माणूस त्या काळात विरळा.

फुल्यांनी ज्यांना नमस्कार केला ते सज्जन कोण, याचं उत्तर गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या स्थानिक संशोधकांनी गावोगाव शोधून काढलं आहे. त्यांत टॉमस गॅरेट आहेत, रॉबिन्सन आहेत. आणि त्यांच्या बरोबरीने, संख्येने फार जास्त, पत्र समजत नसल्याचा बहाणा करणारे जेकब जॅक्सन आहेत, डोळे बांधून मुलांना निरोप देणारे बेन रॉस आहेत, भावाला ओळखून मग हजारो प्रश्न विचारणारे विल्यम स्टिल आहेत, होडी वल्हवणारे जॉन पार्कर आहेत आणि तुरुंगात लूसीशी कपडे बदलणारी ती बाई आहे. सोडवणारे आणि सुटणारे अशी दोन वेगळी माणसं फार वेळा नव्हतीच. जो सुटला तोच परत फिरून सोडवायला आला.

मराठी वाचकाला यातून घेण्यासारखं काम आहे. आपल्याकडेही गावगाड्याने, वतनाने, वेठीने बांधलेली माणसं सुटली. कुणी गिरणीत गेलं, कुणी गोदीत, कुणी पलटणीत, कुणी शाळेत. त्यांचीही नावं जमीनदाराच्या खतात, सावकाराच्या वहीत, पलटणीच्या हजेरीपटात, गिरणीच्या पगारपत्रकात अडकून पडली असणार. वाड्यांचे आणि किल्ल्यांचे इतिहास आपण प्रेमाने लिहिले. आता आपापल्या गावातल्या तालुका कचेरीत, शाळेच्या जुन्या दाखल्यांत, आजीच्या आठवणीत शिरून त्या माणसांची नावं काढायला हवीत, आणि काढलेलं प्रत्येक नाव कागदाशी ताडून पाहायला हवं. फुल्यांनी अमेरिकेकडे बोट दाखवून जो कित्ता गिरवायला सांगितला, त्यात माणसांना सोडवणं होतं. सुटलेल्या माणसांचं नाव नीट लिहून ठेवणं हाही त्याच कित्त्याचा भाग आहे.